बिनइस्त्रीचा आलेख

लताकाकू, पल्लवी, मेश्रामकाकांचे सगळे नातेवाईक, चेरीतालचे शेजारी, आणि आमच्या प्रयोगशाळेतून आलेले सगळे.

मी नीलिमा. काकांसोबत अकरा वर्षं एकाच खोलीत काम केलं. ते मशीन चालवायचे, मी रिपोर्टवर सही करायची. माझं मराठी निम्मं हिंदी आहे, तुमचंही आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मला आज बोलायचं नव्हतं. लताकाकूंनी सांगितलं म्हणून उभी राहिले. शोकसभेत उभं राहिलं की रडू येतं म्हणतात. मला मंगळवारी आलं होतं, काका गेले त्या सकाळी. डबा भरत असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचायच्या आधीच सगळं संपलं, असा त्यांच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा. आज मात्र मला राग आला आहे. शोकसभेत रागावत नसतात हे मला माहीत आहे. तरी मी रागावणार आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं, पण माझी विनंती आहे की उठू नका. कारण ज्यांच्यावर राग आहे ते सगळे याच सभागृहात आहेत. मी धरून.

आत्ता आमचे संचालक सर बोलले. छान बोलले. म्हणाले, सुधाकर मेश्राम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे हात. म्हणाले, असा मिस्त्री पुन्हा मिळायचा नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण शोकसभा आहे. पण माना हलवल्या. मी बघून राहिले होते.

हात म्हणे. मिस्त्री म्हणे. सर, त्या हातांच्या वर एक डोकं होतं. आणि ते डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं चालत होतं.

काका काय करायचे ते इथे किती जणांना माहीत आहे? लताकाकू, तुम्हाला तरी त्यांनी कधी सांगितलं का? 'मशीनवर असतो' एवढंच सांगायचे ना? मग मी सांगते. समजायला कठीण नाही. मला काकांनीच समजावलं होतं. मी एमएस्सी, ते आयटीआय, आणि समजावलं त्यांनी मला.

आमचं मशीन म्हणजे एक तराजू. फार बारीक तराजू. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात त्याला. औषध असो, पाणी असो, माणसाची लघवी असो, त्यातल्या रेणूंना आधी विजेचा भार द्यायचा. भार मिळाला की त्याला आयन म्हणतात. मग त्याचं वजन करायचं. वजन कळलं की द्रव्य कळलं. इतकं सोपं असतं तर आज मला हे भाषण करावं लागलं नसतं.

कारण दोन द्रव्यांचं वजन अगदी सारखं असू शकतं. तेच अणू, तितकेच अणू, फक्त मांडणी वेगळी. एक औषध असतं आणि दुसरं नशा असते. तराजूला दोन्ही सारखेच. मोडून तुकडे केले तरी कधी कधी तुकडेसुद्धा सारखेच पडतात. मग ओळखायचं कसं?

मी काकांना हेच विचारलं होतं. तर म्हणाले, "पोरी, रविवारी संध्याकाळी सदरच्या बाजारात दोन माणसं सोड. दोघांचं वजन सारखं. एकानं हात अंगाशी धरलेत. दुसऱ्याच्या दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या. आधी बाहेर कोण निघंल?"

मी म्हटलं, पहिला.

"बस. तेवढंच तं आहे."

तेवढंच आहे. एक नळी असते. नळीत कोरडा नायट्रोजन. एका टोकाकडून आयन सोडायचे आणि विजेनं त्यांना हळूच पुढं ढकलायचं. जो आटोपशीर आहे तो कमी धडकतो, लवकर पोहोचतो. जो पसरलेला आहे तो जागोजाग धडकतो, त्याला उशीर होतो. नळीच्या शेवटी डिटेक्टर बसलेला असतो, तो कोण केव्हा आलं याची नोंद ठेवतो. एका सेकंदाचे हजार तुकडे करा. त्यातल्या एखाद्या तुकड्याचा फरक. तेवढ्या फरकावरून दोन जुळी वेगळी काढायची. जगात मोठमोठ्या ठिकाणी यावर आज काम चालू आहे. आणि इथे, आपल्या जबलपुरात, चेरीतालचा एक माणूस ते काम करून दाखवून गेला. तुमच्या शेजारी राहायचा. तुम्ही त्याला मिक्सर दुरुस्त करायला बोलवायचात.

ही नळी आमच्या नव्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून होती. दोन वर्षं बंद होती. काहून? कारण ती चालू केली की काम वाढतं. वायू कोरडा ठेवा, दाब सांभाळा, ओळखीची द्रव्यं सोडून आधी वेळा ठरवा. कोण करणार? कंपनीचा इंजिनिअर शिकवायला आला तेव्हा खुर्च्या आम्हा डिग्रीवाल्यांसाठी मांडल्या होत्या. काका मागं भिंतीला टेकून उभे. आम्ही चहा प्यायलो, फोटो काढले, सर्टिफिकेटं घेतली. काकांनी वहीत लिहून घेतलं.

नंतर सहा महिने ते पुस्तक वाचत होते. मशीनचं पुस्तक, इंग्रजीतलं, विटेएवढं जाड. जेवायच्या सुट्टीत यायचे आणि एकेक शब्द विचारायचे. एकदा विचारलं, "मॅडम, ड्रिफ्ट म्हणजे?" चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, एकटी असले की पोरी. मी म्हटलं, वाहत जाणं, काका. त्यांनी शब्द वहीत लिहून घेतला. मग म्हणाले, "ग्वारीघाटावर नर्मदेत दिवा सोडल्यावर जातो तसं?" मी म्हटलं, हो, तसंच. "अच्छा. मग समजलं." आणि खरंच समजलं होतं. मला ते तोपर्यंत समजलं नव्हतं.

आता इस्त्रीचं सांगते.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. तुमच्यापैकी कोणी आमच्याकडे पाण्याचा नाहीतर दुधाचा रिपोर्ट घेतला असेल तर त्यावरचा आलेख बघितला असेल. छान गुळगुळीत डोंगर. मशीनमधून तो तसा येत नाही. मशीनमधून येतो तो खडबडीत, काटेकुटे असलेला. मग संगणकावर एक बटण दाबतात, काटे जातात. आणखी एकदा दाबलं की आणखी गुळगुळीत. आम्ही त्याला इस्त्री मारणं म्हणतो. 'झाली का इस्त्री? मग छापा.' गिऱ्हाइकाला आवडतं. साहेबांना आवडतं. सगळे मारतात. मीही मारायची. हलकी मारली तर चालतेही, पण आम्ही हलकी मारत नव्हतो. आम्ही कडक मारत होतो.

काकांना इस्त्रीचा भारी संताप. त्यांचा आवाज कधी चढला असेल तर फक्त यावरून. माझ्या संगणकाच्या कडेला त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती: 'आधी कच्चा बघा.' मी ती दोनदा काढून टाकली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी होती.

आता प्रल्हाद भैयांकडे येते. बघा, नाव घेतल्याबरोबर चारपाच माना खाली गेल्या.

प्रल्हाद भैयांना कोण ओळखत नाही इथे? नऊ वर्षं शाळेची व्हॅन चालवायचे. तुमचीच पोरं न्यायचे. डबा विसरला तर परत येऊन घेऊन जायचे. कोणाची आई घरी नसली तर शेजाऱ्याच्या हातात हात देऊनच पुढं निघायचे. शाळेनं ठरवलं की सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी करायची, कोणी नशापाणी तर करत नाही ना. चांगलं ठरवलं. नमुने आमच्याकडे आले. शाळेला घाई होती, दोन दिवसांत रिपोर्ट हवे होते.

प्रल्हाद भैयांच्या नमुन्यात एक आयन दिसला. वजन एका बंदी असलेल्या नशेच्या द्रव्याशी तंतोतंत जुळत होतं. नळी बंद होती, तेव्हा निकाल फक्त वजनावरून दिला होता. आणि नमुना मशीनमध्ये कोणत्या क्षणी किती शिरला त्याच्या कच्च्या आलेखात त्या डोंगराला उजव्या बाजूनं एक खांदा होता. जरासाच. डोंगर एकटा नाही, बाजूला आणखी कोणी उभं आहे असं तो खांदा सांगत होता. मी तो बघितला होता. ऐका, मी तो बघितला होता. आणि मी इस्त्री मारली. एकदा, दोनदा, तीनदा. खांदा गेला. सुंदर एकच डोंगर झाला. मी सही केली.

प्रल्हाद भैयांची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

ते मला भेटायला आले होते. प्रयोगशाळेच्या दारात उभे, हातात औषधाच्या दुकानाची चिठ्ठी. "मैडम, मैंने तो जुकाम की दवा ली थी. ये पर्ची है. एक बार फिर से देख लीजिए." मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "सब यही कहते हैं, भैया."

सब यही कहते हैं.

काका मागं मशीनपाशी होते. त्यांनी ऐकलं.

आणि इथे चेरीतालमध्ये काय झालं? ते मी नाही, तुम्ही सांगा. कोणी सांगणार नाही. मग मीच सांगते. 'त्याचे डोळे लालच असायचे.' 'मला आधीच शंका होती.' 'आपल्या पोरींना घेऊन जायचा हो तो!' हे कोण बोलत होतं? काहून गप्प आहात? नऊ वर्षं ज्याच्या भरवशावर पोरं सोडली, त्याच्याबद्दल एका कागदानं तुमचं मत फिरलं. कागद माझा होता, हे मी मान्य करते. पण तोंडं तुमची होती. प्रल्हाद भैयांच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद झालं. त्यांचा मुलगा ज्या शिकवणीला जायचा तिथून त्याला प्रेमानं सांगण्यात आलं की जागा भरली आहे. किती प्रेमळ लोक आहोत आपण.

एक माणूस गप्प बसला नाही. तो इथे फोटोत आहे.

काकांनी नळी चालू केली. प्रत्येक नमुन्याच्या आम्ही दोन बाटल्या ठेवतो, दुसरी सीलबंद, शीतपेटीत. काकांनी ती आमच्याच विभागातल्या दोघांसमोर उघडली, त्यांच्या सह्या घेतल्या. मग आधी कोरं चालवलं. कोरं म्हणजे मशीनमध्ये काहीही न घालता ते एकदा चालवायचं. आधीच्या कशाचा अंश आत राहून गेला असेल तर दिसतो. काका म्हणायचे, "मशीनच्या पोटात काय आहे ते आधी पाह्य, मग दुसऱ्याच्या पोटातलं सांग." कोरं सपाट आलं. मग बंदी असलेलं द्रव्य सोडलं, त्याची वेळ लिहिली. सर्दीचं औषध सोडलं, त्याची वेळ लिहिली. मग प्रल्हाद भैयांचा नमुना. हे सगळं तीन वेळा. दर वेळी मध्ये कोरं.

एक डोंगर नव्हताच. दोन टेकड्या होत्या. एक सर्दीच्या औषधाची. दुसरी त्याच औषधातल्या एका जुळ्या रूपाची. आणि जिथे नशेचं द्रव्य यायला हवं होतं तिथे काहीही नव्हतं. सपाट रेघ.

तो कागद घेऊन काका माझ्याकडे आले. बिनइस्त्रीचा, काट्याकुट्यांचा. टेबलावर ठेवला. म्हणाले, "पोरी, चूक झाली. माणूस आहोत, होते. आता सही कर, दुरुस्त करू."

मी कागद बघितला. मला कळलं. एका नजरेत कळलं, कारण इतकं स्पष्ट होतं. आणि मी म्हटलं, "काका, ही पद्धत आपल्याकडे मंजूर नाही. सरांना विचारावं लागेल."

सरांना विचारलं. सर, तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं, पण मी जसंच्या तसं सांगत नाही, लताकाकू बसल्या आहेत. सार एवढंच होतं की रिपोर्ट मागे घेतला तर प्रयोगशाळेचं नाव जाईल, आणि तपासणी केली कोणी, तर एका मिस्त्रीनं. डिग्री नसलेल्या माणसाच्या आलेखावर भरवसा कोण ठेवणार?

ठीक आहे. पद्धत मंजूर नाही. मिस्त्रीचा आलेख चालत नाही. मी हे मान्य केलं असतं, सर. भित्री आहे मी, मान्य करते.

पण त्यानंतर दोनच महिन्यांनी तुम्ही एका परिषदेला गेलात. पडद्यावर आलेख दाखवलात. सारख्या वजनाचे आयन वेगळे करायची आमच्या प्रयोगशाळेची नवी पद्धत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. दोन टेकड्या आणि बाजूला सपाट रेघ. तोच आलेख होता! काकांचा! फक्त छान इस्त्री मारलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे परिषदेत पद्धत चालते. टाळ्यांसाठी चालते. प्रल्हाद भैयांसाठी चालत नाही. हे कोणतं विज्ञान आहे, सर? मला आजपर्यंत कळलेलं नाही.

काकांचं नाव शेवटच्या पानावर होतं. आभारात. स्पेलिंग चुकलेलं.

मी परत आल्यावर काकांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. तर विचारतात काय, "आलेख नीट दिसला का पडद्यावर? मग आता तं पद्धत मंजूर झाली नं? आता प्रल्हादचं काम होईल."

काका, तुमच्यावरही राग आहे माझा. आज सांगून टाकते. काहून इतकं सरळ राहायचं? प्रल्हाद भैयांचा रिपोर्ट दुरुस्त करा म्हणून अकरा अर्ज लिहिले तुम्ही. मी मोजले काल. प्रत्येकाची सुरुवात सविनय, प्रत्येकाचा शेवट आपला नम्र. अकरा वेळा नम्र! एकदा तरी टेबलावर हात आपटायचा होता. एकदा तरी माझ्या अंगावर ओरडायचं होतं. 'नीलिमा, तुला लाज वाटते का?' असं विचारायचं होतं. तुम्ही ओरडला असतात तर मी कदाचित सही केली असती. नाही. हेही मी माझ्या सोयीचं बोलून राहिले. सही करायला कोणी ओरडावं लागतं का?

ते अकरा अर्ज माझ्याकडूनच पुढं जायचे होते. माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एकही पुढं गेला नाही.

काकांनी आणखी एक केलं. त्याबद्दल इथे कोणी बोललं नाही म्हणून सांगते. प्रल्हाद भैया ई-रिक्षा चालवायला लागले तेव्हा सुरुवातीला चेरीतालमधलं कोणी त्यांच्या रिक्षात बसत नव्हतं. काकांकडे चांगली स्कूटर होती. ती त्यांनी झाकून ठेवली. रोज सकाळी याच चौकातून, सगळ्यांच्या देखत, प्रल्हाद भैयांच्या रिक्षात बसून कामावर यायचे. मागं नाही बसायचे, पुढं, त्यांच्या शेजारी. कधी कधी नातीला पण घेऊन. तुम्ही बघत होतात. गॅलरीत उभं राहून चहा पीत बघत होतात. एखाद्या माणसाबद्दल याहून जास्त मोठ्यानं कोणी काय सांगू शकतं?

तुम्ही कुजबुजलात, 'मेश्राम पण त्यातलाच दिसतो.'

मंगळवारी मी काकांच्या घरी गेले तेव्हा लताकाकू रडत नव्हत्या. आतल्या खोलीत नेलं आणि माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत सगळे कच्चे आलेख. तारीखवार, टाचणी लावून. वर पुठ्ठा. काकू म्हणाल्या, "तुझं नाव घ्यायचे. म्हणायचे, पोरगी चांगली आहे, फक्त घाबरते. करंल एक दिवस सही."

हे ऐकलं आणि मला घरी जाता आलं नाही. मी प्रयोगशाळेत गेले. शीतपेटी उघडली. दुसऱ्या बाटलीतलं काकांनी अर्धंच वापरलं होतं. अर्धं उरलं होतं. बाटलीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'शिल्लक. नीलिमा मॅडमसाठी.'

म्हणजे त्यांना माहीत होतं की मी त्यांच्या आलेखावर सही करणार नाही. मला स्वतः करून बघावं लागेल, तेव्हाच माझी खात्री पटेल. आणि त्यांनी त्याचाही राग धरला नाही. माझ्यासाठी शिल्लक ठेवलं.

बुधवारी, गुरुवारी मी त्यांच्या वहीवरून नळी लावली. शुक्रवारी जमलं. आधी कोरं चालवलं. मग सगळं, तीनदा. दोन टेकड्या, एक सपाट रेघ. काकांच्या वेळेत आणि माझ्या वेळेत काही फरक पडला नाही.

आता सर, हे तुमच्यासाठी. उठू नका, बसा. त्या पहिल्या रिपोर्टवर माझी सही आहे. तो मागे घ्यायला तुमची परवानगी लागते असं तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी वर्षभर तेच धरून बसले. नियमांचं पुस्तक मी काल पहिल्यांदा उघडून वाचलं. परवानगी लागत नाही. ज्याची सही, त्यालाच दुरुस्तीचा अधिकार. संचालकांना फक्त कळवावं लागतं.

सर, मी तुम्हाला कळवून राहिले आहे. सव्वाशे माणसं साक्षीदार आहेत.

दुरुस्त रिपोर्ट आज सकाळी शाळेत पोहोचला. पोच घेतली आहे. आलेख बिनइस्त्रीचा लावला आहे. आणि खाली लिहिलं आहे: तपासणीची पद्धत बसवणारे आणि पहिली तपासणी करणारे, सुधाकर मेश्राम. स्पेलिंग मी तीनदा बघितलं. उद्या तुम्हाला माझ्यावर जी काय कारवाई करायची असेल ती करा. मी दहा वाजता येते, नेहमीसारखी.

आता थोडंच राहिलं आहे.

तुम्ही सगळे आत येताना पायऱ्यांवर एक माणूस बसलेला बघितला असेल. काकांच्या फोटोला जे हार आहेत ते ग्वारीघाटावरून सकाळी त्यांनीच आपल्या रिक्षातून आणले. सतरंज्या त्यांनीच उतरवल्या. मग सभा सुरू झाली आणि ते बाहेर चपलांपाशी बसले. सव्वाशे माणसं त्यांना ओलांडून आत आली. 'आत चला' असं किती जण म्हणाले? मी म्हटलं. तर म्हणाले, "नहीं मैडम, यहीं ठीक है. किसी को बुरा लगेगा."

बुरा लगेगा! ज्याच्यासाठी काका वर्षभर झिजले, तो माणूस काकांच्याच शोकसभेत चपला राखतोय!

आता तुम्ही दोन मिनिटं शांत उभे राहणार. ठरलेलं आहे, पत्रिकेत छापलं आहे. उभे राहाल, घड्याळ बघाल आणि घरी जाल. तशी शांतता मला नको आहे. काका आधी कोरं चालवायचे ते आठवा. बाहेरून काही आत घालायचं नाही, नुसतं बघायचं, आत आधीपासून काय चिकटून राहिलं आहे. ही दोन मिनिटं तशी काढा. काकांचे गुण आठवू नका. त्या माणसाबद्दल आपण काय बोललो ते आठवा.

पण घड्याळ आत्ता सुरू करायचं नाही.

पल्लवी, ती पहिल्या रांगेतली खुर्ची मोकळी कर. आईच्या शेजारची. हो, तीच.

प्रल्हाद भैया! आवाज येऊन राहिला ना बाहेर? चप्पल वहीं छोड़िए. अंदर आइए. किसी को बुरा नहीं लगेगा, और लगे तो लगने दीजिए.

उभे राहा सगळे. सर, तुम्ही पण. ते खुर्चीपर्यंत पोहोचेपर्यंत कोणी बसायचं नाही, कोणी बोलायचं नाही. वाट सोडा त्यांना.

काका, सही केली मी. उशीर झाला.